सहा तासांचा हात

मोतीलालला या घरच्या रोटातला घास चालत नव्हता, पण बहिणीच्या हाताची शीर कापायची की नाही हे ठरवायला तो धुळ्याहून पहिल्या गाडीने आला होता.

श्रावणात बसणाऱ्या कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. कुळाबाहेरच्या माणसाला त्यातला तुकडासुद्धा देत नाहीत, मग तो सख्खा मेहुणा असो की मामलेदार. म्हणून उद्या रविवारी मोतीलालपुरतं वरण-भात वेगळं शिजणार होतं. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तो ओसरीवर लोडाला टेकून बसला होता आणि बोलत होता. धुळ्याच्या कचेरीत चोवीस वर्षं फायली हलवून त्याला एक सवय लागली होती. कोणाचंही काही असो, पहिला शेरा त्याचा.

"डॉक्टर काय म्हणाले ते मी समोर बसून ऐकलंय," तो म्हणाला. "शीर शोधायची, कापायची, विषय संपला. माणूस दुसऱ्या दिवशी घरी."

"तिसऱ्या," भटू म्हणाला.

भटू सुगंधाबाईचा एकुलता मुलगा. औषधांच्या कंपनीची बॅग घेऊन तो जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांतून फिरत असे. डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसून बसून त्याला आपण अर्धे डॉक्टर झालो असं वाटायला लागलं होतं. उरलेला अर्धा त्याला फारसा अवघड वाटत नव्हता.

सुगंधाबाई आतल्या दाराच्या चौकटीला डावा खांदा टेकून ऐकत होती. उजवा कशालाच टेकवता येत नव्हता. अडीच वर्षांपूर्वी मुंबईला तिची उजवी छाती काढली, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर पंचवीस शेक दिले. रोग गेला. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, सगळ्या नशिराबादला पेढे वाटले गेले. आणि पेढ्यांचे कागद उडून जायच्या आत दुखणं आलं. काखेपासून कोपराच्या वरपर्यंत आणि छातीच्या कडेला, जणू कुणी मिरचीचा हात फिरवून ठेवला होता. लुगड्याचा पदर लागला तरी जीव कासावीस व्हायचा. चोळीची उजवी बाही तिने कात्रीने कापून टाकली होती. वारा आला की लोक हुश्श करत, ती हात झाकायची.

तिला सगळ्यांनी औषधं सांगून झाली होती. कुणी एरंडाचा पाला सांगितला, कुणी बोदवडच्या बाबाची राख. दुखतं कुठे हे विचारणारे दोघेच निघाले. एक धुळ्याचा डॉक्टर. दुसरी शेजारची हसीनाबी, तिच्याजवळ औषध काहीच नव्हतं, म्हणून बिचारी नुसती विचारायची.

"मी होते ना तिथे," सुगंधाबाई दारातून म्हणाली. "डॉक्टर आणखीही काही बोलले. तो भाग जन्मभर बधिर राहील म्हणाले. आणि दहांतल्या चौघींना दुखणं फिरून येतं म्हणाले. कधी कधी आधीपेक्षा जास्त."

"ते सगळ्यांनाच सांगतात," मोतीलाल म्हणाला. "कायद्यासाठी."

"तुला कुणी कापलं होतं का रे मोती, कायद्यासाठी?"

लीलाधर खाली मान घालून सुपारी कातरत होता. तो सुगंधाबाईचा नवरा. केळीच्या बागेत चाळीस मजुरांवर ओरडणारा हा माणूस बायकोच्या दुखण्याचा विषय निघाला की सुपारी कातरायला घ्यायचा. दोन वर्षांत घरात सुपारीचा ढीग झाला होता.

"मला पुन्हा कापून घ्यायचं नाही," ती म्हणाली. "एकदा झालं तेवढं पुरे."

पाहुणा बोलत असताना मांजर ओरडून जावं, तेवढीच तिच्या बोलण्याची दखल घेतली गेली.

भटू म्हणाला, "डॉक्टरांनी आधी दोन वेळा सुई देऊन बघायला सांगितलंय. भुलीची सुई. त्या शिरेभोवती द्यायची. दुखणं पाच-सहा तास थांबलं म्हणजे समजायचं की हीच शीर. मंगळवारी पहिली झाली. थांबलं की नाही, आई?"

थांबलं होतं. सुईनंतर पाव तासात हात परका झाला आणि त्याच्याबरोबर मिरचीही गेली. एस.टी.त खिडकीशी ती बसली. पारोळ्याला चहा प्यायला लोक उतरले तेव्हा तिचा डोळा लागला होता, आणि एरंडोल कधी गेलं ते कळलं नाही. जळगावच्या स्टँडवर कंडक्टरने हाक मारली तेव्हा ती उजव्या अंगावर रेलून झोपलेली होती. उजव्या अंगावर! अडीच वर्षांत पहिल्यांदा. सहा तासांतले तीन तास झोपेत घालवले म्हणून नंतर ती स्वतःवरच चिडली होती. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. या घरात काही बरं झालं असं बोललं की लगेच कामाला लावतात.

आणि झालंही तसंच.

"दुसरी सुई पुढच्या मंगळवारी धुळ्याला आहे," भटू म्हणाला. "पण मी म्हणतो, उद्याच घेऊ. जळगावला माझ्या ओळखीचे भूल देणारे डॉक्टर आहेत. चिठ्ठी दाखवली की देतील. सकाळी दहाला सुई, अकराला घरी. मग संध्याकाळी चार-पाचपर्यंत हात मोकळा."

"मग?" लीलाधरने मान वर केली.

"मग काय नाना? उद्या रोट आहेत."

ओसरीवर प्रत्येकाच्या तोंडाला एकदम पाणी सुटलं.

या घरचे रोट म्हणजे खापरावरचे मांडे. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा, मनगटांवरून कोपरांकडे झुलवत झुलवत वाढवायचा, पार ताटाएवढा, मग परातीएवढा, आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. भाऊबंदांच्या पाच घरांत असा मांडा एकट्या सुगंधाबाईला साधायचा. गेली दोन वर्षं सुनांनी मिळून जे काही केलं होतं, ते बघून लीलाधरच्या काकांच्या घरचे लोक 'यंदा कानबाईला पापड का?' असं विचारून गेले होते. हे बोलणं लीलाधरला बायकोच्या आजारापेक्षा जास्त लागलं होतं, निदान तो त्याबद्दल बोलायचा तरी.

"आपण लाइट असते तेव्हाच मोटर चालवतो ना?" लीलाधर आता उत्साहाने म्हणाला. "आठ तासच लाइट. म्हणून तेवढ्यात वाफे भरून घेतो. तसंच हे. सुई तर घ्यायचीच आहे. वाया कशाला घालवायची?"

"मी काय तुमची विहीर आहे?" सुगंधाबाई म्हणाली.

मोतीलाल खो खो हसला. भिकुबाईही हसली. भिकुबाई म्हणजे लीलाधरची थोरली भावजय, सासरे आबा गेल्यापासून या घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. माहेर अमळनेरकडचं. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी तिने तिकडची बोली टाकली नव्हती, आणि जावेशी वैरही.

"आवं, कर ना सुगंधा," ती म्हणाली. "कानबाईना रोट मोठा व्हवाले जोयजे. आते कसाले नखरा?"

सुगंधाबाई हो म्हणाली. कानबाईसाठी नाही, भिकुबाईसाठी तर नाहीच. सहा तासांसाठी.

*

सकाळी सुई झाली. डॉक्टर तरुण होता. त्याने भटूची बॅग एकदा बघितली, चिठ्ठी एकदा बघितली, आणि काखेत सुई घालताना म्हणाला, "या हाताला काही लागू देऊ नका हं, मावशी. चटका नको, काटा नको. गाठी काढल्यात, सूज आली तर उतरायची नाही." भटूने मान डोलावली. औषधं विकणारी माणसं डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात, त्यात ऐकणं असतंच असं नाही.

जीपमधून परत येताना महामार्गावर तिने खिडकीची काच खाली केली. वारा थेट काखेत शिरला आणि काही झालं नाही. तिने हात बाहेर काढला.

"आई, हात आत घे. ट्रक येतोय."

"येऊ दे," ती म्हणाली.

अकरा वाजता तिने न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसलं. पदर उजव्या खांद्यावरूनही ओढून घेतला, सगळ्या बायकांसारखा, आणि चुलीपुढे बसली. सून जाळ घालत होती, भिकुबाई उंडे भरून देत होती. पहिला मांडा थोडा फाटला. दुसरा गोल आला. तिसऱ्याला मात्र हाताला जुनी ओळख पटली. उंडा तिच्या मनगटांवर झुलत झुलत कोपराशी आला, पातळ झाला, त्यातून जाळाचा उजेड दिसायला लागला, आणि तिने तो खापरावर टाकला तेव्हा दारात उभ्या असलेल्या बायकांनी 'अगं बाई' केलं.

लीलाधर दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा काकांच्या घरच्या दोघांना घेऊन आला.

"बघा," तो म्हणाला. जणू मांडे तोच टाकत होता.

सुगंधाबाईचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती गुणगुणत होती. कोणतं गाणं ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुखणं नसलं की अंगात किती जागा असते, याचं तिला नवल वाटत होतं. अडीच वर्षं सगळ्या घरादाराला ती त्या एका हाताच्या पलीकडून बघत आली होती. आज हात मधून बाजूला झाला होता. सुनेच्या कानात नवीन कुड्या दिसल्या. भिकुबाईचे केस पार पांढरे झालेले दिसले.

"अक्का, म्हातारी झालीस की गं."

"तू आजारी पडनी, मग घर कोन चालाडं?" भिकुबाई म्हणाली, पण त्यात धार नव्हती.

ओसरीवर तोवर निकाल लागला होता. मोतीलालचा आवाज आतपर्यंत येत होता. "आता काय राहिलं? दोन्ही वेळा थांबलं. पुढच्या आठवड्यात कापून टाकू. दर वर्षी हा थाट राहील." आणि लीलाधर 'हो हो' म्हणत होता, आणि काकांच्या घरचेही 'हो हो' म्हणत होते. त्यांना तर मांडे खायचे होते.

सत्तावीस मांडे झाले. अठ्ठाविसावा खापरावर पडला तेव्हा त्याची पलीकडची कड दुमडली. सुगंधाबाई वाकली आणि कड सरळ करायला हात लांब केला. कड नीट बसायला वेळ लागला. तिने ती बोटांनी हळूहळू ओढली, सपाट केली, पुन्हा ओढली. कशाची घाई नव्हती.

"काही करपतंय," सून म्हणाली.

"पुरण गळालं असेल."

भिकुबाईने नाक वर केलं. पुरण करपल्याचा वास तिला चाळीस वर्षांचा ठाऊक होता. हा तो नव्हता. तिने वाकून बघितलं आणि किंचाळली, "सुगंधा! तुना हात बळना!"

सुगंधाबाईने खाली बघितलं. कोपराच्या वर, आतल्या बाजूने, तिचा उजवा दंड खापराच्या कडेला टेकलेला होता. टेकलेलाच राहिला होता. तिने उचलला तेव्हा चार बोटं रुंद कातडी खापरावर राहिली.

तिला काहीच जाणवलं नव्हतं. ती दुसऱ्या कुणाच्या दंडाकडे बघावं तशी बघत राहिली.

*

भाजलेल्या हातावर थंड पाणी ओतून, वर धुतलेलं ओलं फडकं ठेवून तिला ओसरीवर बसवलं. कुणी शाई लावा म्हणालं, कुणी राख. भिकुबाईने दोघांनाही हाकलून दिलं.

मग लोक पुन्हा बोलायला लागले. आणि सुगंधाबाईने ऐकलं की तासाभरात सगळ्यांचं मत उलटं झालं आहे.

"हे बरोबर नाही," लीलाधर म्हणाला. "असा मेलेला हात काय कामाचा? चुलीत गेला तरी कळायचं नाही."

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, विचार करून ठरवा," मोतीलाल म्हणाला.

"मामा, काल तुम्हीच..."

"काल परिस्थिती वेगळी होती, भटू."

भटूने घसा साफ केला. "तसं बघितलं तर दुखणं ही शरीराची सूचना असते. मी वाचलंय. त्यापेक्षा गोळ्या वाढवू. आमच्या कंपनीचीच एक नवीन..."

"मग नकोच ते ऑपरेशन," लीलाधरने निकाल दिला. "आहे तसा राहू दे. दुखतो, पण जागा आहे. सावकाश का होईना, वरणाला फोडणी घालता येते."

सुगंधाबाईला हसू फुटलं. मोठ्याने. काकांच्या घरच्या माणसांनी माना वळवल्या.

"काय झालं?" लीलाधर म्हणाला.

"काही नाही. काल मांडे टाकायला हवा म्हणून माझा हात कापायचा होता. आज मांडे टाकता येणार नाही म्हणून कापायचा नाही. माझ्या हाताची काळजी तुम्हाला किती, ते बघून हसले."

"तसं नाही गं, ताई," मोतीलाल म्हणाला.

"तसंच आहे. मी काल म्हणाले, कापायचं नाही. कुणी ऐकलं? आज म्हणते, कापायचं. आजही ऐकू नका, मला सवय आहे. पण मी कापून घेणार."

"वेडी झालीस!" लीलाधर म्हणाला. "आत्ताच भाजलीस ना?"

"भाजलेलं तुम्ही बघितलं. मला लागलं नाही. मला काय लागतं ते तुम्ही कधी बघितलं? अडीच वर्षं लागतंय, एकाला तरी किंचाळी फुटली? आज चार बोटं कातडी गेली तर घर गोळा झालं." ती थांबली. तिचा आवाज वर गेला होता, तो तिने खाली आणला. "आज मी सुनेचे कान बघितले. नवीन कुड्या आहेत तिच्या. कधी घेतल्या?"

"दिवाळीत," सून दारातून हळूच म्हणाली.

"दिवाळीत. आणि आता श्रावण. मला आज दिसल्या."

लीलाधर बोलला, आणि जे बोलायला नको होतं तेच बोलला. "मग पुढच्या वर्षी मांडे कोण टाकेल?"

"अक्काने परवा रोटाचे गहू मोजले. दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एकवीस पुरुष निघाले घरात. बेचाळीस हात झाले. त्यातला एकही भाजलेला नाही. बघा कुणाला जमतं का."

भटू म्हणाला, "पण आई, दहांतल्या चौघींना परत येतं, तूच म्हणालीस."

"म्हणाले. आणि मी त्या चौघींतली निघाले तर पुन्हा दुखेल. आताही दुखतंच. तेव्हा दुखेल तर निदान मधले दिवस झोपलेली असेन."

"तुम्ही बठ्ठा इतला येळ बोली ऱ्हायनात," भिकुबाई एकदम म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती फडकं पिळत होती, मान वर न करता. "कोन्ही तिले इचारं का, तुले काय वाटस? मी बी नही इचारं. मन्ही बी चूक शे." मग तिने फडकं झटकलं. "मी जास तिनासंगे धुळाले. पुढला मंगळवारे. कोन्ले काय बोलनं व्हई ते आते बोला."

किल्ल्या तिच्या कमरेला होत्या.

*

पाचाच्या सुमाराला सुईचा अंमल उतरायला लागला. आत कानबाई मांडली जात होती, बायका गाणी म्हणत होत्या. भाजलेल्या आणि काखेत सुई घेतलेल्या बाईने देवीजवळ बसावं की नाही यावर मोतीलालने मत देऊन टाकलं होतं, ते कुणी विचारलं नव्हतं. सुगंधाबाई ओट्यावर एकटीच बसली होती.

आधी दंडावरचं भाजलेलं चुरचुरायला लागलं. मग काखेत, आत खोल, पहिली मिरची लागली. ती आली तेव्हा सुगंधाबाईने डोळे मिटले. मंगळवारी हे परत आलं तेव्हा ती रडली होती. आज रडली नाही. मनाशी दिवस मोजत बसली. सोमवार, मग मंगळवार.

लीलाधर बाहेर आला. खांबाजवळ उभा राहिला. सुपारीचा अडकित्ता हातात होता, सुपारी नव्हती.

"गुण नाही आला तर?" तो म्हणाला.

"तर नाही आला."

"मला ते ऑपरेशनचं..." तो थांबला. "मुंबईला तुला आत नेलं होतं ना, ते दार बंद झालं. त्याला वर एक लाल दिवा होता. साडेचार तास. मला वाटलं, आता हे दार उघडणार नाही."

अडीच वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलत होता. सुगंधाबाईला त्याचा राग आला. आणि दुसरंही काहीतरी आलं, पण राग आधी आला.

"हे आज सांगता? मांड्यांच्या नावाखाली?"

त्याने रिकामा अडकित्ता एकदा उघडून मिटला.

"मग या वेळी दाराकडे बघू नका. बाहेर टपरी असेल, तिथे बसून चहा प्या. मागच्या वेळी तेच केलंत. अक्काच्या भाच्याने सांगितलं मला. मी आत फाटलेली, आणि हे बाहेर नऊ कप चहा प्याले म्हणे."

"अकरा," लीलाधर म्हणाला.

आत बायकांचं गाणं दुसऱ्या कडव्यावर गेलं. सुगंधाबाईने फडक्याखालचा हात मांडीवर नीट ठेवला आणि ओट्यावर थोडी सरकली, त्याला डाव्या बाजूला बसता येईल इतकी.